देवाकडे काय मागावं, आणि काय मागू नये

मालवणच्या किनारपट्टीवर महत्त्वाचं कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. घराचा पाया, मुलीचं लग्न, नवी होडी पाण्यात लोटणं, जमिनीचा वाद, घरातलं न उलगडणारं दुखणं, काहीही असो. आधी ग्रामदेवतेपुढे नारळ जातो, गाऱ्हाणं घातलं जातं आणि मनाचा निश्चय होत नसेल तर कौल लावला जातो. निवडणूक याला अपवाद नाही. उमेदवार अर्ज भरण्याआधी देवळाची पायरी चढतो, आणि मतदारांमध्येही असं मानणारे असतात की एवढा मोठा निर्णय देवाला विचारूनच घ्यावा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे देवापुढे शब्द घेऊन मतं बांधणं. महाराष्ट्रात बेलभंडारा उचलून देवाची शपथ घ्यायला लावण्याची रीत जुनी आहे आणि तिची रूपं ठिकठिकाणी सापडतात. तेव्हा एक प्रश्न सरळ विचारायला हवा: आपलं मत देवावर सोपवता येतं का? श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांना या प्रश्नाशी काही देणंघेणं नसतं. तो श्रद्धा मानणाऱ्यांचाच प्रश्न आहे, आणि माझं उत्तर असं आहे की मत देवावर सोपवता येत नाही. त्यासाठी गावरहाटी, म्हणजे ग्रामदेवतेभोवती चालणारी गावाची रीत, मोडीत काढावी लागत नाही. गावरहाटीचा तर्क नीट पाहिला तर तोच हे सांगतो. आणि मताचं ओझं आपलंच असेल, तर यादीत नाव नोंदवण्यापासून उमेदवाराची माहिती काढण्यापर्यंतची सगळी तयारी ही आपल्या धर्माचरणातच मोडते.

आधी कौल म्हणजे काय ते पाहू. गुरव देवाच्या पाषाणावर ठरलेल्या जागी ओले कळे किंवा तांदूळ लावतो. विचारणाऱ्याच्या वतीने देवाला प्रश्न सांगितला जातो, आणि मग सगळे थांबतात. उजवीकडचा कळा सुटला तर साधारणपणे होकार, डावीकडचा सुटला तर नकार. गावागणिक रीत थोडी बदलते, पण प्रश्नांची जात बदलत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख निघते आणि मग मुंबईपासूनचे चाकरमानी रजेची जुळवाजुळव करू लागतात. आचऱ्याची गावपळण तर सर्वश्रुत आहे. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव माणसांसकट, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातो. जात, धर्म, पैसा, मान यांचा भेद तिथे उरत नाही. पुन्हा आत यायचं तेही कौल घेऊनच. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. जत्रा या आठवड्यात की पुढच्या, गाव आज सोडायचा की चार दिवसांनी, याचं बरोबर उत्तर माणसाच्या अभ्यासातून निघणारं नसतं. कुठलीही तारीख चालली असती. फक्त ती सगळ्यांनी मानली पाहिजे आणि तिचा भार सगळ्यांवर सारखा पडला पाहिजे. जिथे माणसाचं ज्ञान संपतं आणि तरीही सर्वांनी मिळून पाऊल उचलायचं असतं, तिथे कौलाची जागा आहे.

निवडणुकीत ज्ञान संपलेलं नसतं, ते बहुतेक वेळा सुरूच झालेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. हे शपथपत्र कुणालाही पाहता येतं. मागच्या पाच वर्षांत आमदाराने विधानसभेत काय विचारलं, किती वेळा तोंड उघडलं, किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा का रखडला, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का टिकत नाही, पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीबद्दल कोणता पक्ष काय म्हणतो आणि सत्तेत आल्यावर काय करतो, हे सारं शोधलं तर सापडणारं आहे. जे आपण दोन संध्याकाळी बसून वाचू शकतो ते न वाचता देवाला विचारणं म्हणजे देवाकडून आपलं काम करून घेणं. डॉक्टर हाताशी असताना औषध न आणता नुसता अंगारा लावणाऱ्याला आपल्याकडची जुनी माणसंही शहाणा म्हणत नाहीत. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळा उपदेश करून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. यावर कुणी म्हणेल की लगेच पुढे सर्व सोडून मला शरण ये असंही सांगितलं आहे. खरं आहे, पण ती शरणागतीसुद्धा विचार करून, जाणतेपणी पत्करायची आहे, आणि तिच्यानंतरही धनुष्य उचलायचं ते अर्जुनालाच. साक्षात भगवंत समोर असताना जो निर्णय माणसाकडे राहिला, तो आपण पाषाणावरच्या कळ्याकडे ढकलावा, हे कुठल्या भक्तीत बसतं?

कौलापेक्षा शपथेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कौल मतदार स्वतःहून मागतो. शपथ त्याच्याकडून घेतली जाते. ती का घ्यावी लागते याचं कारण गुप्त मतदानात आहे. हातात पैसे ठेवणाऱ्याला किंवा दम देणाऱ्याला मतदान यंत्राच्या आडोशामागे काय झालं ते दिसत नाही. दिलेल्या पैशाची वसुली झाली की नाही, हे कळण्याची त्याला सोय नाही. म्हणून तो अशा साक्षीदाराला बोलावतो ज्याला सगळं दिसतं. नारळावर हात ठेवून घेतलेला शब्द हा श्रद्धेचा आविष्कार वाटतो, पण त्यात देवाची नेमणूक मतं विकत घेणाऱ्याचा पहारेकरी म्हणून झालेली असते. ज्याच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या आपण गाव राखला, त्या देवाला या कामाला लावणं याहून मोठी विटंबना नाही.

कायद्याने हा धोका फार लवकर ओळखला. निवडणुकीतल्या गुन्ह्यांचं प्रकरण भारतीय दंडविधानात 1920 साली घातलं गेलं, तेव्हाच देवाच्या अवकृपेची भीती घालून मतदाराला वळवणं हा गैरवाजवी दबाव ठरवला गेला. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 मध्येही ही तरतूद आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती टिकून आहे. 1959 साली पंजाबातल्या एका निवडणुकीच्या खटल्यात, रामदयाल विरुद्ध संतलाल, सर्वोच्च न्यायालयाने यातली रेषा स्पष्ट केली. धर्मगुरूलाही नागरिक म्हणून मत आहे आणि ते तो सांगू शकतो. पण त्याचा हुकूम असा असेल की मोडला तर परलोक बिघडेल असं अनुयायाला वाटावं आणि त्याची निवडच संपावी, तर ती निवडणूक स्वच्छ राहत नाही. देवाच्या नावाने मतदाराची निवड संपवणं फक्त परप्रांतात किंवा पंथांतच घडतं असं मानू नये. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या पुढे गेली आणि तो पैसा गावातल्या मंदिराच्या कामासाठी होता. मंदिर उभं राहावं ही इच्छा चांगलीच. पण त्यासाठी गावातल्या प्रत्येक मतदाराचं मत त्याला न विचारता विकलं गेलं. देवाच्या नावावर जमा झाल्याने तो व्यवहार पवित्र झाला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो साध्या, प्रामाणिक माणसाकडून येतो. तो म्हणतो: पैसे घेतले ते चुकलं असेल, पण देवापुढे शब्द दिला आहे, आता तो मोडला तर दुसरं पाप होईल. या माणसाची भीती खरी आहे, म्हणून तिला उत्तरही त्याच्या भाषेतच दिलं पाहिजे. महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतात, तीही अर्जुन आपली प्रतिज्ञा पाळण्यासाठी थेट धर्मराजावर शस्त्र उचलायला निघाला असताना. कौशिक नेहमी खरं बोलण्याचं व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंनी विचारलं की माणसं कुठे लपली आहेत, आणि व्रत मोडू नये म्हणून त्याने दाखवून दिलं. माणसं मारली गेली आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. शब्दाची किंमत तो कशासाठी दिला यावर ठरते, हा त्या कथेचा आशय आहे. आणि मताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जी वस्तू आपली एकट्याची नाही ती गहाण टाकण्याचा शब्द मुळातच लागू होत नाही. आपण निवडलेला आमदार शेजाऱ्यावरही राज्य करतो, ज्या पोरांना अजून मत नाही त्यांच्यावरही करतो. मत ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ठेव परस्पर देण्याची शपथ घेतली असेल तर शपथ घेतल्याबद्दल देवाची क्षमा मागावी, घेतलेले पैसे परत करावेत आणि मत विवेकाने द्यावं. असा शब्द मोडणाऱ्यावर कोपेल असा देव आपल्या कुठल्याही संताने सांगितलेला नाही.

दुसरा आक्षेप गावकीकडून येतो आणि तो अधिक व्यवहारी आहे. गाव एकत्र राहिला तर गावाचं वजन राहतं. चार तोंडं चार दिशांना गेली तर रस्ताही येत नाही आणि नळपाणीही येत नाही. मग देवळात बसून, देवाच्या साक्षीने एक निर्णय केला तर बिघडलं काय? सभा घेऊन, वाद घालून, एकमेकांना पटवून बहुसंख्य माणसं एका मताला आली तर काहीच बिघडत नाही. ते तर उत्तम. पण पटवणं वेगळं आणि बांधणं वेगळं. गावपळणीत सगळ्यांवर सारखाच प्रसंग असतो, राज्याच्या निवडणुकीत तसा नसतो. एकाच गावात रापण ओढणारे असतात आणि यांत्रिक नौकांचे मालकही असतात. किनाऱ्यावर निवास न्याहारी चालवणारे असतात आणि त्याच वाळूत जाळी सुकवणारेही असतात. आंबा-काजूचा बागायतदार असतो आणि त्याच्या बागेत मजुरीला जाणारी बाईही असते. यांचे प्रश्न एक नाहीत, म्हणून यांचं मत एक असेलच असं नाही. अशा गावाच्या नावाने जेव्हा एकच आवाज निघतो, तेव्हा तो बहुतेक वेळा देवळाच्या सभामंडपात पुढे बसणाऱ्यांचा असतो. मागे उभ्या राहणाऱ्यांना, आणि पूर्वी ज्यांना सभामंडपात येऊच दिलं नाही त्यांना, जो आवाज गावरहाटीने दिला नव्हता तो राज्यघटनेने दिला. तो पुन्हा देवाच्या नावाने काढून घेऊ नये.

नोंदणीचा प्रश्न इथेच जोडलेला आहे, आणि सिंधुदुर्गात तो फार नाजूक आहे. बारा-पाचाच्या मानकऱ्यांचा, म्हणजे गावरहाटीतल्या मानाच्या घराण्यांचा, मान रक्ताने येतो. चाळीस वर्षं लालबागेत किंवा डोंबिवलीत राहिलेला चाकरमानी जत्रेला गावी आला की त्याच्या घराण्याचा मान त्याची वाट पाहत असतो. त्यामुळे त्याला मनापासून वाटतं की आपलं मूळ इथलं, देव इथला, घर इथलं, तर मतही इथलंच असावं. या भावनेला खोटं म्हणता येणार नाही. पण लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 मतासाठी वेगळा निकष लावतो. माणूस जिथला सामान्य रहिवासी आहे तिथे त्याचं नाव. केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावर तो तिथला रहिवासी ठरत नाही. आणि नाव दोन मतदारसंघांत ठेवता येत नाही. जाणूनबुजून खोटं निवेदन दिलं तर वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. उलट, कामासाठी थोडा काळ बाहेर गेलेल्याचं रहिवासीपण तेवढ्याने जात नाही. बोटीवर नोकरी करणारा खलाशी किंवा हंगामापुरता गोव्याला गेलेला मजूर आपल्या गावचाच राहतो. हा निकष कोरडा वाटतो, पण किनाऱ्यावरच्या माणसाला तो परका नाही. रापणीचं जाळं होडीतून अर्धवर्तुळात टाकलं जातं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभे राहून माणसं ओढत आणतात. मग ओढणाऱ्यांचे वाटे पडतात. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. मतही असंच आहे. ज्याच्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी शिरणार, ज्याच्या आईला मध्यरात्री मालवणहून ओरोसच्या रुग्णालयात न्यावं लागणार, ज्याच्या पोराची शाळा पट कमी म्हणून बंद पडणार, त्याने या मतदारसंघाचा आमदार निवडावा. चाकरमान्याच्या आयुष्यावर ज्या आमदाराच्या कामाचा परिणाम होतो तो त्याच्या उपनगरात आहे, आणि तिथे नाव न नोंदवता तो दोन्ही ठिकाणी परका राहतो. देवाचं नातं यात तुटत नाही. मान गावातच राहू दे. मत जिथे राहतो तिथे असू दे.

नाव नोंदवण्याला आपण कागदपत्राची कटकट समजतो, पण त्यामागचा इतिहास पाहिला तर त्याची योग्यता कळते. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार झाल्या तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. निर्णय कठोर होता, पण त्याचा अर्थ खोल होता: या यादीत कुणीही दुसऱ्याच्या नावावर उभं राहणार नाही. स्वातंत्र्याआधी मताचा हक्क शेतसाऱ्यावर, करावर आणि शिक्षणावर अवलंबून होता, आणि धर्मानुसार वेगळे मतदारसंघही होते. घटनेच्या 325 व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघाला एकच यादी दिली आणि धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणालाही वगळायला मनाई केली. आपल्या अनेक संतांनी देवापुढे सगळे सारखे असल्याचं सांगितलं. पण गावात त्याची लेखी नोंद झाली ती मतदार यादीत, जिथे मानकऱ्याचं नाव आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव एकाच टाइपात, घरक्रमांकाच्या ओळीने छापलं जातं. त्या यादीत आपलं नाव नसणं म्हणजे त्या समतेत आपली जागा रिकामी ठेवणं.

तिसरा आक्षेप विचारी माणसाचा आहे. एवढी धडपड कशाला? लाखो मतांत माझं एक मत काय करणार? 2008 साली राजस्थानात नाथद्वाऱ्याची विधानसभेची जागा एका मताने गेली, असं उदाहरण यावर नेहमी दिलं जातं. ते खरं असलं तरी माझा भर त्याच्यावर नाही, कारण असे निकाल फार क्वचित लागतात आणि कर्तव्य क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर उभं राहत नाही. गाऱ्हाण्याकडे पाहा. पुढचा माणूस ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गावाची एकेक अडचण सांगत जातो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यातला एक आवाज कमी झाला तर देवाला ऐकू जाणार नाही असं नाही. तरी कुणी गप्प राहत नाही, कारण तो दुजोरा हा आपण या गाऱ्हाण्यात सामील आहोत याची कबुली असते. फळाच्या हिशेबाने कर्म ठरवू नये, हे आपण इतक्यांदा ऐकतो आणि इतरांना ऐकवतो. मताइतकी त्याची सोपी परीक्षा दुसरी नाही. राजकारण घाणेरडं आहे म्हणून भक्ताने लांब राहावं, असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. लोकसंग्रहासाठी जनकासारख्यांनी कर्म केलं असं गीता सांगते. जनकाला राज्य सांभाळणं वर्ज्य नव्हतं, आपल्याला पाच वर्षांतून एकदा रांगेत उभं राहणं वर्ज्य कसं होईल?

मग देवाकडे मागायचं काय? बुद्धी मागावी, धीर मागावा, लोभ आणि भीती या दोघांपासून राखण मागावी. उमेदवाराचं नाव मागू नये. उरलेलं आपण करायचं आहे, आणि ते निवडणूक जाहीर झाल्यावर करून भागत नाही. गेली विधानसभा 20 नोव्हेंबर 2024 ला झाली; मुदतीप्रमाणे पुढची 2029 मध्ये येईल. अठरा पूर्ण होण्यासाठी पूर्वी एक जानेवारी ही एकच तारीख धरत. आता एक एप्रिल, एक जुलै आणि एक ऑक्टोबर याही धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो. नवं नाव सहा नंबरच्या अर्जाने, पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर आठ नंबरच्या अर्जाने. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही, आणि खिशात ओळखपत्र असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. म्हणून लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव इथे आलं का, वारलेल्या माणसाचं नाव कमी झालं का, शेजारच्या एकट्या म्हातारीचं नाव चुकून उडालं तर नाही ना, हे वर्षातून एकदा बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन पाहणं हीसुद्धा सेवाच. त्यानंतर गाऱ्हाण्यात जशा गावाच्या अडचणी नाव घेऊन सांगितल्या जातात, तशा त्या कागदावर लिहून उमेदवारांपुढे ठेवाव्यात, प्रत्येकाचं उत्तर ऐकावं, शपथपत्रं वाचावीत आणि घरात मोकळेपणाने वाद घालावा. शेवटी यंत्रासमोर माणूस एकटा असतो. तिथे बटण दाबल्यावर चूक झालीच, तर ती देवाने करायला लावली असं म्हणण्याची सोय आपण ठेवू नये. आपल्या निर्णयाचं उत्तर आपण द्यायची तयारी ठेवणं, एवढी अपेक्षा आपला देवही आपल्याकडून करतो, आणि आपलं गणराज्यही.